नामिरोपाचं पीठ

मेत्वारी आरोग्य केंद्र,
सप्टेंबर, मंगळवार दुपार

प्रिय मुआनाशाताई,

हे पत्र मी ईदपासून लिहितोय. पहिल्यांदा 'प्रिय ताई' एवढं लिहिलं आणि एक गिऱ्हाईक आलं. त्याला नदीपलीकडे सोडायला गेलो तो दोन दिवसांनी परतलो, कारण पलीकडे लग्न होतं आणि तिथे कोंबडी होती. दुसऱ्यांदा अर्धं पान झालं, तर त्या कागदात कुणीतरी शेंगदाणे बांधून नेले. तिसऱ्यांदा पूर्ण लिहून झालं होतं, ते मीच फाडलं. का फाडलं ते सांगतो, पण आत्ता नाही. फोन का करत नाहीस म्हणशील. फोनवर तू 'हं, बोल' म्हणतेस, मागे तुझं शिलाईचं मशीन धडधडत असतं, आणि मी 'बरं आहे ना सगळं' एवढंच विचारून फोन ठेवतो. गेल्या पाच वर्षांत आपण दोघांनी एकमेकांना बरं असण्यापलीकडे काही सांगितलेलं नाही. कागदावर जरा धीर येतो. माझं अक्षर तसंच आहे, बकरीनं पाय आपटल्यासारखं. सावकाश वाच.

आधी वाईट बातमी सांगून टाकतो. नामिरोपात यंदा पाऊस चुकला. मका जळला, तूर फुलावरच गळली. उरला तो कडू कसावा, आणि कोरड्या वर्षी तो किती कडू होतो हे मी तुला काय सांगावं. गेल्या महिन्यात विहिरीपलीकडच्या लाउरिंदाची आमिदा सकाळी चटईवरून उठायला गेली, तिला उठता आलं नाही. नऊ वर्षांची आहे. पंधरा दिवसांनी आणखी एक मुलगी. तोच मांताकासा, कडू कसाव्याचं विष पायांत उतरून पाय नेणारा. आणि ज्या एका साध्या गोष्टीनं हे टळतं ती आजूबाजूच्या अकरा गावांत रोज होते आहे, फक्त आपल्या गावात होत नाही. पावसाळ्याला अजून सहा आठवडे आहेत, आणि झुलेकाबाई म्हणतात की हेच सहा आठवडे सगळ्यात वाईट. तोवर नामिरोपातल्या बायकांनी ऐकलं नाही तर आणखी किती मुली उठायच्या राहतील, याचा विचार त्या गाडीवर माझ्या मागे बसून करतात. मला पाठीला कळतं. अशा वेळी त्या गाणं म्हणायचं थांबतात.

झुलेकाबाई कोण ते सांगायचं राहिलं. जिल्ह्याच्या आरोग्य खात्यात पोषणाचं काम बघतात. मूळच्या अंगोशच्या, किनाऱ्यावरच्या. पन्नाशी उलटली आहे, अंगानं काटकुळ्या, आवाज मात्र बाजारात मासे विकणाऱ्या बाईचा. गावोगाव लोक त्यांना डॉक्टरीणबाई म्हणतात. त्या डॉक्टर नाहीत, पण चूक सुधारत नाहीत. 'डॉक्टरीण म्हणतात तोवर बसायला स्टूल देतात,' असं त्यांचं म्हणणं. जानेवारीच्या शेवटी मी मेत्वारीच्या नाक्यावर मोटरसायकल घेऊन उभा होतो. त्याआधी काजूच्या कारखान्यात होतो, मग केस कापणाऱ्याकडे, मग त्या बोटीवर. ते सगळं तुला माहीत आहे आणि त्यावर तुझं बोलूनही झालंय. तर या बाई आल्या, एका काखेत गुंडाळलेली चटई, दुसऱ्या काखेत मडकं. 'ब्रेक लागतात का रे?' म्हणाल्या. मी म्हटलं, 'लागतात बाई, पण मी फारसे लावत नाही.' त्या म्हणाल्या, 'मडकं फुटलं तर पुढचं तुझ्या डोक्यावरून नेईन, आणि तू चालत.' एका दिवसाचं भाडं ठरलं होतं. त्याला आता आठ महिने झाले. मी एका जागी आठ महिने टिकलो हे वाचून तू सुई बोटात टोचून घेतली असशील.

त्या दिवशी मी काय पाहिलं ते ऐक. गावात लहान मुलांच्या वजनाचा दिवस होता. आया पोरांना पाठीला बांधून आंब्याखाली बसलेल्या, कुणी मुसिरोच्या खोडाचा लेप लावून तोंड पांढरं केलेलं. बाईंनी वजनकाटा काढलाच नाही. आधी चटई अंथरली. एकीकडून घरचं कसाव्याचं पीठ मागून घेतलं, मडक्यात ओतून वरून सारखं केलं, आणि पीठ जिथवर आलं तिथे आतून कोळशानं रेघ ओढली. मग थोडं थोडं पाणी घालत कालवायला लागल्या. पीठ आधी खाली बसलं. एक म्हातारी म्हणाली, 'अर्धं गिळलं की हिनं.' बाई पाणी घालत राहिल्या. पीठ हळूहळू फुगत परत रेघेवर आलं. तिथे हात थांबवला. म्हणाल्या, 'बघ गं, तुझं होतं तेवढं तुला परत.' मग ते ओलं पीठ चटईवर पसरलं, करंगळीच्या नखाएवढा थर, त्याहून जाड नाही. उन्हात दोन तास, सावलीत पाच. तेवढ्या वेळात कडू कसाव्यातलं विष हवेत निघून जातं. मग त्याचाच नेहमीसारखा उकळत्या पाण्यात घट्ट काराकाता घोटायचा. झालं. गोळी नाही, सुई नाही, विमानातून आलेलं पाकीट नाही. मी एवढा वेळ उभा राहून बघतोय हे बघून बाईंनी मला बकऱ्या हाकायला बसवलं. एक बकरी तरीही चाटून गेलीच. सगळ्या ओरडायला लागल्या तशी बाई म्हणाल्या, 'जाऊ दे, तिलाही चार पाय सांभाळायचे आहेत.' बायका इतक्या हसल्या की पाठीवरची पोरं रडायला लागली, आणि मग वजनकाटा निघाला.

मला त्यांचं काय आवडलं माहीत आहे? त्या कुणाला 'असं करू नका' म्हणत नाहीत. आठ महिन्यांत एकदाही नाही. जिच्या घरी जातात तिच्या घरचं खातात, तिच्या उखळीवर चार घाव घालतात, तिच्या सासूची बदनामी पूर्ण ऐकून घेतात, आणि मग विचारतात, 'सकाळी शेतावर जातेस ते कधी परततेस?' ती म्हणते, 'सूर्य उतरल्यावर.' तर म्हणतात, 'मग जाताना पसरून जा. तू राबशील तोवर तेही राबेल.' बाईच्या दिवसात पाच तास नव्यानं शोधायचे नाहीत, जे आधीच आहेत त्यात पीठ बसवायचं. हे त्यांना कुणी शिकवलं असं मी विचारलं, तर म्हणाल्या, पहिली सहा वर्षं त्या लोकांना रागावत होत्या आणि तेव्हा एकाही घरात काही बदललं नाही.

मधेच सांगतो, काजूला मोहोर आलाय. तुला त्याचा वास आवडायचा ना? इथे केंद्राच्या कुंपणाला लागून सात झाडं आहेत. असो.

पण एकटी बाई गावोगाव फिरून किती फिरणार? त्यांनी जी खरी कमाल केली ती नामपुलात. मार्चमध्ये प्रांताची बैठक होती, या आजाराचं काय करायचं यासाठी. मी बाहेर पहारेकऱ्याशी गप्पा मारत होतो, तर बाईंनी पाण्याची घागर आत आणायला बोलावलं आणि मग मी तिथेच भिंतीला टेकून राहिलो. मोठमोठी माणसं, पंखा, बिस्किटं. एक साहेब म्हणाले पोस्टर छापू. दुसरे म्हणाले रेडिओवर गाणं लावू. बाई म्हणाल्या, 'पोस्टरवरचं पीठ भिजत नाही, साहेब.' आणि पिशवीतून दोन झाकणबंद बाटल्या काढून टेबलावर ठेवल्या. आदल्या दिवशी दोन्हींत एकाच घरचं पीठ घालून ठेवलं होतं, एकात तसंच, दुसऱ्यात भिजवून पसरलेलं, आणि दोन्हींत एकेक पिवळी कागदाची पट्टी. विष असेल तर ती पट्टी रंग बदलते. पहिल्या बाटलीतली विटकरी झाली होती. दुसरीतली पिवळीच. टाय घातलेले एक वयस्क साहेब उठले, दोन्ही बाटल्या खिडकीशी नेऊन कितीतरी वेळ बघत राहिले. मग म्हणाले, 'माझी आई तिकडची, मेंबाकडची. माझी एक मावशी गुडघ्यावर फिरायची. आम्ही पोरं तिची नक्कल करायचो.' एवढंच, आणि जागेवर जाऊन बसले. पुढे बिस्किटं कुणी खाल्ली नाहीत.

त्या दिवशी जो नियम ठरला तो एका पानाचा आहे. वजनाच्या दिवशी प्रत्येक केंद्रावर काट्याआधी चटई. शाळांच्या स्वयंपाकात भिजवून पसरलेलंच पीठ. आणि दुष्काळाच्या वर्षी आजाराची वाट न बघता तूर आणि सुकट आधी त्या गावांना. बाईंनी ते पान प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून माझ्या गाडीच्या कागदांबरोबर ठेवलंय. सरकारी कागद मी आयुष्यात पहिल्यांदा शेवटपर्यंत वाचला, ताई. आपल्या घरात काय शिजतं, कसं शिजतं, शेतावर जाणाऱ्या बाईला किती वेळ असतो, हे सगळं त्या कागदाला ठाऊक होतं. सरकारला आपण माहीत असतो असं मला कधी वाटलंच नव्हतं.

त्यानंतर गावं पटापट कामाला लागली. सुरुवातीला नखरे होतेच. एका गावी पुरुष म्हणाले, बाईनं दिवसभर पीठ उघडं टाकलं तर शेजारीण नेईल. बाई म्हणाल्या, 'मग तुम्ही राखा, नाहीतरी सावलीतच बसलेले असता.' तिथे आता खरंच म्हातारे पीठ राखतात आणि कोणाचा थर जाड झाला यावर एकमेकांना टोमणे मारतात. दुसऱ्या गावी एक सासू काराकात्याचा घास घेऊन म्हणाली, 'यात काहीतरी कमी आहे.' काय कमी आहे ते तिला सांगता येईना. कडवटपणा कमी होता. जन्मभर ती त्यालाच चव समजत होती. पण तिच्या नातवानं त्या दिवशी दोनदा मागून घेतलं, तेव्हापासून ती स्वतःच रेघ ओढते आणि सुनेला हात लावू देत नाही.

आता नामिरोपाचं. आम्ही तिथे पहिल्यांदा गेलो ते ऑगस्टमध्ये, आमिदाचं कळल्यावर. बाई गावात गेल्या, मी बाहेर मोठ्या आंब्याखाली गाडी लावून हेल्मेट घालून बसलो. एवढ्या उन्हात हेल्मेट. कान शिजत होते, पण काढलं नाही. गाव सोडून पाच वर्षं झाली आहेत, आईच्या मातीलासुद्धा मी आलो ते संध्याकाळी येऊन सकाळी गेलो होतो. बायकांनी बाईंचं सगळं ऐकून घेतलं, टाळ्या वाजवून निरोप दिला, 'हो हो डॉक्टरीणबाई' म्हणाल्या. पुढच्या आठवड्यात गेलो तर एकाही दारात चटई नाही. पुन्हा दाखवलं, पुन्हा हो हो. तिसऱ्या आठवड्यात दुसरी मुलगी गेली होती. म्हणजे जिवंत आहे, पण तुला कळतं मी काय म्हणतो ते. बाई त्या दिवशी पहिल्यांदा थकल्यासारख्या दिसल्या. म्हणाल्या, 'इतक्या गोड बोलून नाही म्हणणारं गाव मी पाहिलं नाही. काय चुकतंय माझं, अमिसे?' आणि मला माहीत होतं, ताई. पहिल्या दिवसापासून माहीत होतं. पण सांगितलं तर मी इथलाच आहे हे सांगावं लागलं असतं, आणि ते सांगितलं की तुझ्यापर्यंत यावं लागलं असतं. तेवढ्यात डोक्यावर भारा घेऊन लाउरिंदा समोरून आली, थांबली, हेल्मेटकडे बघून म्हणाली, 'अमिसे, माठात डोकं अडकलं की काय तुझं? की आमचं तोंड बघायचं नाही?' झालं. मी हेल्मेट काढलं.

मग मी बाईंना सांगितलं. की आपल्या कुळात थोरली बाई, म्हणजे आता थोरली आजी, वर्षातून एकदा झाडाच्या बुंध्याशी पूर्वजांसाठी पीठ ओतते, मुठीतून बारीक धारेनं, आणि त्याचा ढीग टोकदार उभा राहावा लागतो. दुसऱ्या दिवशी ढीग उभा असेल तर पूर्वजांनी ऐकलं. पसरला असेल तर नाही म्हणाले, आणि त्या वर्षी कुणीतरी जातं. की नामिरोपातलं लहान पोरसुद्धा जमिनीवर पसरलेलं पीठ ओलांडत नाही. आणि बाई दारोदार जाऊन स्वतःच्या हातानं पीठ आडवं करत होत्या. आपल्या लोकांनी त्यांना हाकलून दिलं नाही हाच त्यांचा मोठेपणा. बाईंनी सगळं ऐकलं. मला वाटलं आता गाडीवरून उतरवतील. त्या म्हणाल्या, 'तीन आठवडे तू मला या रस्त्यानं हाडं खिळखिळी करत आणलंस, आणि तुझ्या तोंडात हे होतं?' मग म्हणाल्या, 'थोरल्या आजींना कुठली सुकट आवडते?'

त्या मोरी माशाची सुकट घेऊन गेल्या. तू असायला हवी होतीस. थोरली आजी अंगणात बसली होती, आहे तशीच, फक्त अर्धी झालीये. बाईंनी गुडघे टेकून आपल्या रीतीनं टाळ्या वाजवून नमस्कार केला, आधी माफी मागितली. म्हणाल्या, 'मला माहीत नव्हतं, तुमच्या दारात मी अशुभ मांडलं.' आजी म्हणाली, 'माहीत नसलेल्याला दोष नाही. या पोराला आहे.' माझ्याकडे बघून म्हणाली, 'हा पहिल्यापासून असाच. बोलायचं तेव्हा मुका, गप्प बसायचं तेव्हा बाजारभर.' मी खाली बघितलं. बाई म्हणाल्या, 'झाडाखालचं पीठ उभंच राहू दे, आजी. मी पोटात जाणाऱ्या पिठाचं बोलते आहे.' आजी म्हणाली, 'एकाच उखळीतलं असतं ते.' यावर बाईंनी सुकट पुढ्यात ओतली. दोघी ती निवडत बसल्या. मग आजी आपणच बोलायला लागली. म्हणाली, 'तुझं काम खोटं आहे असं मी म्हणत नाही. पलीकडच्या गावांत पोरं उठतायत, मला कळतं. पण या कुळात पिठाला नवी रीत लावायची तर ती पिठाचा हात असलेल्या बाईनं लावायची. मी साठ वर्षं उभं केलं, आता मरताना आडवं करू? माझ्यानंतर जिच्या हातात ते जायचं होतं तिचे पाय गेले. जिला गुडघे टेकता येत नाहीत तिला पीठ ओतता येत नाही, असं मीच सगळ्यांदेखत म्हणाले. ती निघून गेली. आता कोण पसरणार, तू सांग.' आणि आत जाऊन तिनं दार लावून घेतलं.

ताई, हे मला माहीत नव्हतं. मला वाटत होतं तू नाकालाला शिवणकामासाठी गेलीस. तू तसंच सांगितलं होतंस. शाळेचे गणवेश, बंदराची हवा, मावशीचं घर रिकामं आहे, किती कारणं दिली होतीस.

परत येताना बाईंनी नदीपाशी गाडी थांबवायला लावली. एका दगडावर बसल्या. म्हणाल्या, 'ती म्हातारी हट्टी नाही रे. ती अडकली आहे.' मग विचारलं, 'जिचे पाय गेले ती तुझी कोण?' मी म्हटलं, मोठी बहीण. मग माझंच सुरू झालं, आणि जे मी बारा वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं ते त्या नदीकाठी एका परक्या बाईला सांगून टाकलं. ऐकून त्या म्हणाल्या, 'हे तिला लिही. पीठ पसरायला ये म्हणून लिहू नकोस, त्यासाठी तुझी गरज नाही, मी जाऊन बोलावेन. तुझं जे आहे ते लिही. मग ती आली तर आली.' म्हणून ते तिसरं पत्र लिहिलं, आणि फाडलं. हे चौथं आहे.

ते असं आहे, ताई. त्या दुष्काळात छपरावर कसावा वाळत घालायचा, आणि आई सांगायची, कडकन मोडेपर्यंत खाली काढायचा नाही. मी अकरा वर्षांचा होतो आणि मला भूक लागलेली असायची. आई उखळीजवळून विचारायची, 'अमिसे, मोडतोय का?' मी छपरावर बसून जळणाची वाळकी काटकी कानाशी धरून मोडायचो. कडकन आवाज यायचा. आई म्हणायची, 'मग आण.' मी ओलसर तुकडे घेऊन खाली यायचो. एकदा नाही, तो सगळा महिना. आणि मग एका सकाळी तू मला हाक मारलीस, 'अमिसे, मला जरा उठव रे,' आणि मला तुला उठवता आलं नाही. गावानं म्हटलं कुणीतरी हिचे पाय बांधले. मला माहीत होतं कुणी बांधले. म्हणून मी तुझ्याकडे बघू शकलो नाही, म्हणून कुठे टिकलो नाही. मी हे सांगितल्यावर बाई म्हणाल्या की त्या वर्षी कसावा कडकन मोडेपर्यंत वाळवला असता तरी विष उरलंच असतं, न भिजवता नुसत्या उन्हानं ते पूर्ण जात नाही, म्हणून तर हा चटईचा सगळा खटाटोप. ज्या घरांत कुणी काटकी मोडली नव्हती त्या घरांतही मुलांचे पाय गेले होते. हे मी मानायचा प्रयत्न करतोय. पण दुसरी एक गोष्ट आहे जी त्यांनी मला उद्देशून सांगितली नव्हती. पहिल्याच दिवशी, त्या वजनाच्या दिवशी, शेवटी त्या बायकांना म्हणाल्या होत्या की ज्याच्या ताटात मासळी किंवा तूर पडते त्याचं अंग या विषाशी झुंजतं, ज्याच्या ताटात नुसता काराकाता त्याचे पाय जातात. त्यासाठी मी थांबलो, ताई. गाडीची किल्ली काढून खिशात टाकली ती त्यासाठी. आपण एकाच पातेल्यातून खायचो, मग माझे पाय का राहिले हे मला त्या आंब्याखाली कळलं. तुझ्या वाटणीची सुकट तू मला द्यायचीस. 'मला वास येतो' म्हणायचीस, आणि मी रोज ती खायचो. ज्या पायांनी मी अंगोशपासून कुआंबापर्यंत भटकलो ते तुझे आहेत, एवढं सांगायला हे पत्र लिहिलं. माफ कर असं लिहिणार होतो, पण ते या अक्षरात बरं दिसत नाही, ते मी समोर येऊन म्हणेन. तुला इकडे यायचं नसेल तर मी नाकालाला येईन. गुरुवारी मिठाचा ट्रक जातोय, त्याच्या ड्रायव्हरकडे हे देतो. थांब, बाहेर कुत्री भुंकतायत, बघून येतो. ताई, आत्ता काय झालं ते ऐक. थोरली आजी आली आहे. लाउरिंदाच्या भावाच्या सायकलच्या कॅरिअरवर उशी बांधून, छत्री धरून. युद्ध संपल्यापासून जी बाई नामिरोपाच्या विहिरीपुढे गेली नाही ती इथे अंगणात बाईंच्या स्टुलावर बसली आहे. मला विचारलं, 'कुणाला लिहितोयस? तिला?' मी हो म्हटलं. म्हणाली, 'मग लिही, गुडघे माझेही गेलेत. यंदा मी बसूनच ओतलं, कुणाला सांगितलं नाही. ढीग उभा राहिला.' मी विचारलं, आजी, पत्र पोचायला चार दिवस लागतील, तिला यायला आणखी दोन, तोवर काय? ती म्हणाली, 'तोवर मी इथेच आहे. ती येईल आणि मला घेऊन जाईल, आम्ही दोघी बसून पसरू.' मग भूक लागली म्हणाली. केंद्रात सकाळी पसरलेल्या पिठाचाच काराकाता आहे, बाईंनी तोच वाढला, काय आहे ते सांगून वाढला. आजी ताटाकडे थोडा वेळ बघत राहिली, आणि आता खाते आहे.

तुझाच,
अमिसे